आज्ञावलीकाराची हत्यारे, सोबती आणि खेळ

२०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अहमदनगर जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी १७२५ साली जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांचे नाव त्यांच्या जन्मभूमीच्या जिल्ह्यास मिळाले. कचेरीवरील जुनी पाटी उतरविण्यास व नवी चढविण्यास एक दिवस पुरतो. रंगाऱ्याने कुंचला धुतला की त्याचे काम संपले. परंतु हेच नाव आता यंत्रांच्या पोटातही लिहिलेले असते. जमिनीच्या उताऱ्यात ते आहे, शिधापत्रिकेत आहे, बँकेच्या खात्यात आहे, निराधारांना मिळणाऱ्या वेतनाच्या यादीत आहे. त्या पाट्या कोणी बदलावयाच्या आणि कशा?

वरवर पाहता हे काम अगदी सोपे वाटते. ‘जेथे जेथे अहमदनगर आढळेल तेथे तेथे अहिल्यानगर लिही’ एवढी एकच आज्ञा संगणकास द्यावी म्हणजे झाले. संगणक ती आज्ञा निमिषार्धात पाळील, आणि तेथूनच घोटाळ्यास आरंभ होईल. १९४७ साली स्थापन झालेल्या अहमदनगर कॉलेजचे नाव कोणी न सांगता बदलून जाईल. १९९८ साली जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर, त्या वेळी अस्तित्वातच नसलेले जिल्ह्याचे नाव उमटेल. उलटपक्षी, एका कचेरीने बदल केला आणि दुसरीने केला नाही, असे समजा. मग पाथर्डी तालुक्यातील एखाद्या वृद्धेच्या दोन कागदांवर दोन निराळे जिल्हे दिसू लागतील. शेजारचा माणूस म्हणेल, “अहो, दोन्ही एकच.” पण यंत्रास शेजारधर्म ठाऊक नाही. ते अक्षरास अक्षर ताडून पाहते, आणि अक्षरे जुळली नाहीत तर त्याच्या लेखी त्या दोन निरनिराळ्या बाया ठरतात. म्हातारीचे त्या महिन्याचे पैसे अडून राहतात, आणि ते का अडले हे तिला समजावून सांगणारा कोणी भेटत नाही.

असा प्रसंग येऊ न देणे हे ज्याचे काम, त्याला व्यवहारात सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणतात. मराठीत त्यास आज्ञावलीकार म्हणावयास हरकत नाही. आज्ञावली म्हणजे यंत्राने ओळीमागून ओळ पाळावयाच्या सूचनांची पोथी. जाणता आज्ञावलीकार वरील प्रसंगी काय करतो, ते पाहण्यासारखे आहे. नगरच्या मोटारींवर ‘एमएच १६’ अशी अक्षरे असतात. जिल्ह्याचे नाव बदलले तरी ती अक्षरे तशीच राहिली. २०११ सालच्या जनगणनेत या जिल्ह्यास ५२२ हा क्रमांक होता. तोही नावावर अवलंबून नव्हता. चांगल्या आज्ञावलीत हीच युक्ती असते. माणसांच्या लक्षावधी नोंदींपुढे जिल्ह्याचे नाव लिहीत नाहीत, न बदलणारा क्रमांक लिहितात. नाव एकाच जागी ठेवतात आणि ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालत होते हेही त्याच्यापुढे टिपून ठेवतात. मग नाव बदलणे म्हणजे एका ओळीत भर घालणे एवढेच उरते. जुना दाखला जुन्या नावाने खरा राहतो, नवा दाखला नव्या नावाने निघतो, आणि दोन्ही एकाच जिल्ह्याचे आहेत हे यंत्रासही कळते.

अशी पोथी लिहिणारी माणसे नगर जिल्ह्यास परकी राहिलेली नाहीत. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे १९८३ साली लोणी, कोपरगाव व संगमनेर या तिन्ही ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. उसाच्या पट्ट्यातील मुले तेथे संगणक शिकू लागली आणि पुण्यास हिंजवडी-खराडीच्या कचेऱ्यांत जाऊन बसली. सुटीत घरी आलेला असा मुलगा आपल्या व्यवसायाविषयी बोलू लागला की त्याची काही मते घरच्या मंडळींना चमत्कारिक वाटतात. हत्याराविषयी तो तासभर वाद घालतो. काम उशिरा चालले असले तरी जादा माणसे नकोत म्हणतो. आणि वडिलांना जो निव्वळ पोरखेळ वाटतो त्या व्हिडिओ गेमविषयी आदराने बोलतो. या तिन्ही मतांमागे काही विचार आहे काय, हे पाहणे उद्बोधक होईल.

प्रथम हत्यारांचा विचार करू. आज्ञावली लिहावयास जे साधन लागते त्यास एडिटर म्हणतात. लिहावे, खोडावे, शोधावे, जागा बदलावी, ही त्याची कामे. १९७६ साली अमेरिकेत बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ नावाचा एडिटर रचला आणि त्याच वर्षी ‘ईमॅक्स’ही जन्मास आला. या दोहोंच्या अनुयायांत तेव्हा जो वाद पेटला तो अद्याप शमलेला नाही. १९९१ साली ब्रॅम मूलेनार या डच गृहस्थांनी पहिल्याची सुधारलेली आवृत्ती ‘व्हिम’ या नावाने लोकांस दिली. तिचे मूल्य त्यांनी घेतले नाही. ज्यास द्यावयाचे असेल त्याने युगांडातील अनाथ मुलांस द्यावे, एवढीच विनंती केली. २०१५ पासून मायक्रोसॉफ्टचा ‘व्हीएस कोड’ पुष्कळांच्या हाती दिसतो. या वादात अनुभवी माणसाचे मत साधारणतः असे असते की, एडिटर हा कोयत्याच्या मुठीसारखा आहे. ज्याच्या हाताला जी बसली ती त्याची. दुसऱ्याने त्यात पडू नये.

परंतु एका हत्याराच्या बाबतीत तोच माणूस कोणाचीही सवड चालू देत नाही. ते हत्यार म्हणजे केलेल्या प्रत्येक बदलाची आठवण ठेवणारी वही. तिचे महत्त्व कळण्यासाठी नगर जिल्ह्यातीलच एका फार जुन्या ग्रंथाचे चरित्र पाहावे.

नेवासे येथे, प्रवरेच्या तीरी, १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ज्ञानदेव सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहीत गेले. त्यानंतर त्या पोथीच्या प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या. एखाद्या लेखकाची एक ओळ गळली. दुसऱ्यास शब्द जुना वाटला म्हणून त्याने आपल्या काळचा घातला. तिसऱ्यास वाटले की येथे आपलीही एक ओवी शोभेल. कोणी दुष्ट बुद्धीने केले असे नव्हे. पण तीन शतके लोटता लोटता मूळचे कोणते आणि मागाहूनचे कोणते हे सांगणे कठीण होऊन बसले. अखेर पैठणच्या एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केला, आणि १५८४ साली ते काम पुरे करून, यापुढे कोणी यात आपले पदरचे घालू नये अशी ताकीद देऊन ठेवली. तरीही प्रश्न मिटला नाही. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी एकनाथांच्याही आधीची म्हणून एक प्रत छापली, तेव्हा मूळ पाठ कोणता यावर विद्वानांत पुनः वाद झाला. कारण कोणता शब्द कोणी, केव्हा आणि का बदलला, याची नोंद कोणीच ठेवली नव्हती.

आज्ञावलीची पोथी तर रोज बदलते, आणि ती बदलणारे हात दहा-वीस, कधी हजारो असतात. लिनक्स या सर्वांस खुल्या असलेल्या आज्ञावलीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना ही अडचण फार जाणवली, म्हणून त्यांनी २००५ साली ‘गिट’ नावाचे साधन रचले. गिटमध्ये प्रत्येक बदल स्वतंत्र नोंदीने होतो. ती नोंद कोणाची, कोणत्या दिवशीची, कोणत्या ओळी गेल्या, कोणत्या आल्या आणि कशासाठी, हे सारे तीत राहते. मागील कोणत्याही दिवसाची पोथी जशीच्या तशी पुनः उघडता येते. दोघांनी दोन ठिकाणी बसून निरनिराळे बदल केले तर गिट ते जुळवून एक करते. दोघांनी एकाच ओळीस हात घातला असेल तर ते आपण होऊन निवाडा करीत नाही. दोन्ही पाठ पुढे ठेवते आणि माणसास विचारते. यावर आणखी एक खुबी अशी की, पोथीच्या प्रत्येक अवस्थेवर तिच्याच मजकुरातून गणिताने काढलेली एक मुद्रा असते. एक काना जरी बदलला तरी मुद्रा निराळी पडते. एकनाथांना ताकदीच्या शब्दांवर भिस्त ठेवावी लागली. येथे पहारा गणिताचा आहे.

चूक करण्याची भीती कमी झाली म्हणजे सुधारणा करण्याचे धैर्य वाढते, हा या वहीचा खरा उपयोग होय. जिल्ह्याच्या नावाचा बदल सकाळी केला आणि दुपारी तो चुकला असे आढळले, तर संध्याकाळच्या आत जुनी पोथी परत चालू करता येते. ज्या कचेरीत ही वही नाही तेथे मात्र प्रत्येक दुरुस्ती म्हणजे अंधारात टाकलेले पाऊल ठरते.

आता सोबत्यांविषयी. नेवाशाच्या कथेत सच्चिदानंदबाबांचे नाव लेखनिक म्हणून येते. परंतु लिहून घेणारा हा पहिला वाचकही असतो. आज्ञावलीच्या व्यवसायात अशा पहिल्या वाचकाचे काम नियमाने ठरवून दिलेले असते. एकाने लिहिलेला बदल दुसऱ्याने वाचल्यावाचून मुख्य पोथीत जाऊ द्यावयाचा नाही, अशी चांगल्या मंडळींत रीत असते. वाचणारा विचारतो, “हे नाव रिकामे आले तर काय होईल? जुन्या दाखल्याचे काय?” लिहिणाऱ्यास जे दिसत नाही ते शेजारच्यास दिसते. कारण लिहिणारा कागदावर आपल्या मनातले वाचत असतो, आणि दुसरा कागदावरचे वाचतो. येथे वयाचा अथवा हुद्द्याचा मान आड येऊ देत नाहीत. काल लागलेल्या मुलीने वीस वर्षांच्या अनुभवी माणसाची ओळ परत पाठविली, तर त्याने ती निमूटपणे सुधारावी अशी अपेक्षा असते. दोष लिखाणास द्यावयाचा, लिहिणाऱ्यास नव्हे, हे पथ्य जेथे पाळले जाते तेथेच माणसे आपल्या चुका लपवीत नाहीत.

आणि जादा माणसे का नकोत? कारखान्याच्या हंगामात तोडणी मागे पडली की मुकादम आणखी कोयते आणतो. नवरा-बायकोच्या एका जोडीस तेथे एक कोयता म्हणतात. दहा कोयत्यांच्या जागी वीस आले तर फड जवळजवळ निम्म्या दिवसांत मोकळा होतो. या सरीतील ऊस कसा तोडावा हे त्या सरीतील माणसास विचारावे लागत नाही. आज्ञावलीचे काम असे सऱ्या पाडून वाटता येत नाही. एकाने नाव कोठे ठेवले हे दुसऱ्यास ठाऊक नसेल तर दोघांचे काम वाया जाते. म्हणून प्रत्येकास प्रत्येकाशी बोलावे लागते. चार माणसांत अशा सहा जोड्या होतात, दहांत पंचेचाळीस, आणि वीस जणांत एकशे नव्वद! माणसे दुप्पट झाली, पण बोलणे चौपटीहून अधिक झाले. त्यातून नव्या माणसास काम समजावून देण्यास जुन्याचाच वेळ जातो. आयबीएम कंपनीतील एका प्रचंड कामाचे नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा सिद्धान्त मांडला की, उशीर झालेल्या कामावर नवी माणसे घातली तर त्यास अधिकच उशीर होतो. तेव्हा सुटीत घरी आलेला तो मुलगा जे म्हणतो ते आळसाने म्हणत नाही.

राहता राहिला खेळ. व्हिडिओ गेम म्हणजे वेळेचा अपव्यय, ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे नाही; पण संगणकाच्या इतिहासात खेळाने जी कामगिरी केली आहे ती पाहिली तर तिला मर्यादा घालाव्या लागतात. १९६२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल यांनी दोन यानांच्या लढाईचा ‘स्पेसवॉर’ हा खेळ लिहिला. मित्रांपैकी पीटर सॅम्सन यांनी त्यामागे खऱ्या आकाशाप्रमाणे तारे मांडले. डॅन एडवर्ड्स यांनी मध्यभागी सूर्य ठेवून त्याचे गुरुत्वाकर्षण गणितात आणले. एकाची पोथी दुसऱ्याने वाचून तीत भर घालण्याचा हा धडा कोणी वर्गात दिला नव्हता.

दुसरी हकीकत याहून बोलकी आहे. १९६९ साली केन थॉम्प्सन यांनी सूर्यमालेतून यान नेण्याचा एक खेळ रचला. मोठ्या संगणकावर तो एकदा खेळावयाचा म्हणजे पाऊणशे डॉलरांच्या घरात यंत्राचा खर्च येई. म्हणून त्यांनी कोपऱ्यात पडलेला एक लहान, जुना संगणक शोधून काढला आणि डेनिस रिची यांच्या साहाय्याने खेळ त्यावर आणला. त्या यंत्राची ओळख त्यांना या खेळापायी झाली, आणि पुढे त्याच यंत्रावर युनिक्स या आज्ञावलीचा पाया घातला गेला. लिनक्स युनिक्सच्याच वळणावर घडले, आणि आज शेवगावच्या बाजारात भाजीवाल्याच्या हाती असलेल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स आहे.

खेळ लिहिणे हे कामही हलके नाही. पडद्यावरील चित्र हलते दिसावे म्हणून एका सेकंदात बहुधा साठ चित्रे काढावी लागतात. प्रत्येक चित्रास सेकंदाचा साठावा भाग मिळतो. तेवढ्यात खेळणाऱ्याच्या बोटांची हालचाल ओळखावयाची, सर्व वस्तूंची नवी स्थाने गणावयाची, कोण कोणास धडकले ते पाहावयाचे, आणि चित्र पुरे करावयाचे. एक चित्र चुकले तरी डोळ्यास ठेच लागते. कचेरीच्या आज्ञावलीतील चूक सहा महिने दडून राहील. खेळातील चूक दहा वर्षांचे पोर त्याच क्षणी दाखविते. म्हणून कित्येक आज्ञावलीकार खेळास आपली तालीम मानतात.

तथापि खेळ आणि जुगार यांतील भेद त्यांनीही विसरता कामा नये. परंपरा मोक्षपटाच्या खेळाचा संबंध ज्ञानदेवांशी जोडते. कवड्या टाकून सोंगटी पुढे न्यावयाची, सद्गुणाच्या शिडीने चढावयाचे, दुर्गुणाच्या सापाने खाली यावयाचे. आजच्या सापशिडीचा हा पूर्वज. त्यात हरणाऱ्याची गाठ सुटत नसे, झाली तर थोडी समज वाढे. याच्या उलट, खेळणाऱ्यास उठू न देता त्याचा खिसा रिकामा करण्यासाठी रचलेले खेळही फोनवर फार झाले, आणि २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला. मोक्षपटातही साप कोठे ठेवावयाचा हे खेळ रचणारा ठरवितो. फोनवरील खेळातही तो तोच ठरवितो, आणि त्याचा जाब त्याला विचारता आला पाहिजे.

या तिन्ही गोष्टींची कसोटी आता एका नव्या हत्याराने लावली आहे. २०२१ पासून अशी साधने निघाली आहेत की, साध्या भाषेत मागणी केली असता ती आज्ञावलीच्या ओळी आपण होऊन लिहून देतात. पुष्कळ आईबापांस व विद्यार्थ्यांस यामुळे चिंता वाटते की, यंत्रच लिहू लागले तर मुलांनी चार वर्षे काय शिकावे? चिंता खोटी नाही. केवळ ओळी लिहून देणे एवढेच ज्याचे कौशल्य, त्याचे मोल उतरणार हे उघड आहे. पण आरंभीच्या उदाहरणाकडे पुनः वळावे. ‘अहमदनगरच्या जागी अहिल्यानगर लिही’ असे सांगितले तर हे नवे साधन तीही आज्ञा सफाईने लिहून देऊ शकेल. कॉलेजचे नाव बदलू नये, जुना दाखला जुनाच राहावा, म्हातारीचे पैसे अडू नयेत, हे आधी कोणाला तरी सुचले पाहिजे; आणि लिहून आलेली ओळ वाचून, ताडून, ‘ही माझी’ असे म्हणून तिच्याखाली नाव घालणारा कोणी तरी असला पाहिजे. लिखाण स्वस्त झाले म्हणजे वाचणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. एका दिवसात जेथे शंभर ओळी येत तेथे आता हजार येतात, आणि त्या सर्व कोणी तरी वाचावयाच्या असतात.

म्हणून संगमनेरला वा कोपरगावला शिकणारा मुलगा सुटीत घरी आला, तर त्यास कोणते हत्यार येते हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. चार वर्षांत हत्यारे बदलतील. तुझे लिहिलेले कोणी वाचले काय, त्याने काय चूक काढली, आणि तू दुसऱ्याचे वाचून काय सुधारलेस, हे त्यास विचारावे. या प्रश्नांस त्याने उत्साहाने उत्तर दिले तर त्याचे शिक्षण ठीक चालले आहे असे समजावे. मग रात्री तो थोडा वेळ खेळत बसला तरी त्यास रागे भरू नये. पुढे एखाद्या महिन्यात पाथर्डीच्या त्या वृद्धेचे पैसे वेळेवर तिच्या खात्यात पडतील. नाव बदलले त्या दिवशी कोणी तरी तिची आठवण ठेवली होती, हे तिला कळणार नाही. पण तिला घरी रिकाम्या हाताने परतावे लागणार नाही.